ताक घातलेली सोलकढी

श्रुतिका हुशार आहे, पण हुशारीपेक्षा तिचा हट्ट मोठा. त्या हट्टापायी मी, म्हणजे तिचा प्रोजेक्ट पार्टनर सम्यक, विलेपार्ल्यातल्या एका कॉलेजच्या सभागृहात घामाघूम होऊन उभा होतो. युनिव्हर्सिटीचं भाषा-तंत्रज्ञानाचं चर्चासत्र होतं. आमचं मॉडेल मालवणी ऐकतं आणि लिहून काढतं. परीक्षकांना ते पटलं, तर विभागाचा मोठा कॉम्प्युटर आम्हाला वर्षभर मिळणार होता. नाही पटलं, तर काम बंद.

"आधी रेकॉर्ड केलेलं दाखवू या ना," मी सकाळपासून सांगत होतो. "लाइव्ह केलंस तर वाट लागेल."

"रेकॉर्डिंगवर कोण विश्वास ठेवेल रे?" ती म्हणाली, आणि विषय संपला.

मुळात ही मालवणी गोळा करतानाच आमचा जीव गेला होता. मुलुंडला श्रुतिकाच्या बिल्डिंगमध्ये माइक समोर धरला की जो तो प्रमुख पाहुणा व्हायचा. तिचे बाबा गुणाजीकाका घरात मालवणीशिवाय बोलत नाहीत. पण माइक दिसताच तेसुद्धा घसा खाकरून "उपस्थित बंधुभगिनींनो" म्हणाले. मी कपाळाला हात लावला. श्रुतिकाने मात्र गणपतीच्या मखराचं काम चाललं होतं तिथे, सगळ्यांना सांगून, माइक ठेवून दिला. थोड्या वेळाने लोक तो विसरले आणि आपापसात भांडायला लागले. मग कुठे मॉडेलला शिकवायला झकास मालवणी मिळाली. पुढे ती प्रत्येकाला त्याचं बोलणं ऐकवायची आणि विचारायची, "ठेवू की पुसू?" पूस म्हटलं की समोरच पुसायची. आमची किती सुंदर भांडणं त्यात गेली, आठवलं की अजून जीव जळतो.

आणि आता सभागृहात हीच माइकसमोर ताठ उभी राहिली. "मी आपल्यासमोर मालवणीतून माझे मनोगत मांडतंय," असलं काहीतरी बोलली. पडद्यावर नुसता गोंधळ उमटला. पुन्हा बोलली, पुन्हा गोंधळ. प्राध्यापक तेंडोलकर हे परीक्षकांमधले सगळ्यात कडक. त्यांनी चष्मा काढला.

"एवढा खटाटोप कशासाठी?" ते म्हणाले. "हे चालतच नाही."

मी रेकॉर्डिंग लावायला धावलो, तर श्रुतिका चक्क हसत होती.

"मॉडेल चुकलं नाही, सर. माइक बघून मीच प्रमुख पाहुणी झाले." ती खाली उतरली आणि तिने माइक त्यांच्यापुढे ठेवला. "तेंडोलकर म्हणजे कुडाळकडचे ना तुम्ही? तुम्ही बोलाल? पडद्यावर दिसेल हं सगळं."

"बोला म्हटलं की काय बोलणार?" सर म्हणाले. "सवय राहिली नाही आता."

"मगे माका एक सांगा, सर. सोलकढीत नारळाचो रस कित्याक व्हयो? ताक घातला तरी चलता."

"ताक?" सर उठून उभेच राहिले. "कोणी शिकयल्यान तुका? रस नाय तर ती सोलकढी कसली? तुझी आवस आयकात तर काय म्हणात?"

सभागृहात हशा पिकला. सगळे पडद्याकडे बघत होते, म्हणून सरही वळले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं तिथे लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि ते वाचत राहिले. मला श्रुतिकाचा असा अभिमान वाटला की बोलायची सोय नाही. भर सभागृहात तोंडावर पडायची वेळ आली असताना या मुलीला सोलकढी सुचते.

सर अजून वाचतच होते. तेवढ्यात ती जवळ गेली आणि बिल्डिंगमधल्या काकूंना विचारायची तशीच म्हणाली, "सर, ठेवू की पुसू?"

धावत जाऊन हिचं तोंड दाबावं, असं मला वाटलं. लाइव्ह जमलेलं असं आमच्याकडे दाखवायला तेवढंच होतं. सर पूस म्हणाले असते तर तिने पुसलं असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"ठेव गो," सर म्हणाले.

पडद्यावर तेही उमटलं.