वर ग्लेनिस, खाली नेव्हिल

घटस्फोटाला दहा-बारा वर्षं उलटून गेल्यावर ग्लेनिस आणि नेव्हिल टॉपलिस यांनी मिळून घर विकत घेतलं, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या केर्न्समधल्या ओळखीच्या लोकांनी त्याचे दोनच अर्थ लावले. एकतर दोघांचं पुन्हा जुळलं असावं, नाहीतर दोघांचीही डोकी फिरली असावीत.

खरं कारण फार साधं होतं. ग्लेनिस भाड्याने राहायची तो फ्लॅट मालकाने विकायला काढला, आणि त्याच सुमाराला नेव्हिल राहायचा तो कॅराव्हॅन पार्क, म्हणजे चाकांवरच्या घरांचा तळ, हॉटेलवाल्यांनी घेतला. भाडी आभाळाला भिडलेली. साठी ओलांडलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही. नेव्हिलकडे कोळंबीची बोट विकून आलेले पैसे होते, ग्लेनिसकडे शाळेच्या कार्यालयात जन्म काढल्याचे. एकेकट्याचे कुठेच पुरत नव्हते. त्यांची मुलगी टीगन एकदा वैतागून म्हणाली, "मग घ्या ना दोघं मिळून. भांडायला निदान बस पकडून जावं लागणार नाही." ती चेष्टेत बोलली होती. आईबापांनी ते खरं धरलं.

मनुंडा हे उपनगरही टीगननेच सुचवलं. समुद्र दिसत नाही, पण हॉस्पिटल जवळ, दुकानं चालत जाण्यासारखी, दवाखाना, वाचनालय, बस, सगळं हाताशी. समुद्र दिसत नाही याचं ग्लेनिसला मुळीच वाईट वाटलं नाही. समुद्रानेच तिचा संसार खाल्ला होता. नेव्हिल महिनोन्महिने कार्पेंटारियाच्या आखातात कोळंबी धरायला जायचा आणि घरी आला की आरामखुर्चीत बसून "हं" म्हणायचा. जेवण कसं झालंय? हं. टीगनला शाळेत बक्षीस मिळालं. हं. कुणी बाई आड आली नव्हती, दारू नव्हती, मारझोड नव्हती. एक दिवस ग्लेनिस त्याला म्हणाली, "तू समुद्रावर असतोस तेव्हा निदान कळतं तरी की तू नाहीयेस." त्यावरही तो "हं" म्हणाला आणि प्रकरण वकिलाकडे गेलं.

घर बघायला दोघं एका शनिवारी गेले. खांबांवर उभं जुनं लाकडी घर, पुढे रुंद व्हरांडा, आवारात आंब्याचं मोठं झाड आणि त्यावर उलटी टांगलेली वटवाघळं. एजंट पोरगी दातांच्या जाहिरातीसारखी हसत होती.

"तुमच्यासारख्या जोडप्याला तर हे घर..."

"आमचा घटस्फोट झालाय," ग्लेनिस म्हणाली.

पोरीचं हसू तसूभरही हललं नाही. "मग तर फारच छान! खालच्या मजल्याला वेगळं दार आहे."

खालचा मजला म्हणजे खांबांच्या मधली जागा भिंती घालून बंद केलेली. फरशी सिमेंटची आणि छत इतकं खाली की कायद्याने तिला राहायची खोली म्हणता येत नव्हतं. नेव्हिल मूळचाच ठेंगणा. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत टोपी घालून चालून आला.

"कायद्याचं डोकं लागत असेल," तो म्हणाला. "माझं नाही लागत."

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून ग्लेनिसने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

वाटणी झाली. वर ग्लेनिस, खाली नेव्हिल. धुण्याचं मशीन खालीच होतं, म्हणून तिने मंगळवारी आणि शुक्रवारी खाली यायचं. त्याने वर यायचं नाही. आलाच तर आधी जिन्याचा कठडा वाजवायचा. जेवण आपापलं. टीगनची पोरगी आजी-आजोबांच्या या सीमारेषा न जुमानता वरखाली धावायची, ते चालायचं.

लाकडी जमिनीतून आवाज मात्र गाळून येत नसत. तो खोकला की तिला कळायचं. रेडिओवर क्रिकेट लागलं, चमचा फरशीवर पडला, खुर्ची मागे सरली, सगळं कळायचं. ज्या माणसाच्या मनातलं लग्नाच्या इतक्या वर्षांत काही कळलं नाही, त्याचा चहा केव्हा उकळतो ते आता ती न बघता सांगू शकली असती.

दुसऱ्या पावसाळ्यात पाणी आलं. दोन दिवस धार तुटली नाही, गटारं उलटली आणि खालच्या फरशीवर घोटाभर पाणी चढलं. नेव्हिलने कठडा वाजवला. गादी डोक्यावर घेऊन तो वर आला आणि व्हरांड्यात मच्छरदाणी बांधून राहिला. बुटांना बुरशी चढली. दोघं एका टेबलाशी बसून जेवले.

टीगनचा फोन आला. "बाबा वर आलाय?"

"पाणी आलंय म्हणून आलाय."

"कसं चाललंय मग?"

"पाणी ना? उतरतंय."

"आई, मी पाण्याबद्दल विचारत नाहीये."

"मी पाण्याबद्दलच सांगतेय."

पाणी उतरलं. दोघांनी मिळून चिखल उपसला, फरशी औषधाने धुतली, पंखे लावून भिंती वाळवल्या आणि नेव्हिल गादी घेऊन खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिसने सवयीने दोन कप मांडले. एक परत ठेवून दिला आणि त्याबद्दल फारसा विचार केला नाही.

त्याच वर्षी आंब्यांच्या दिवसांत, ती दोरीवर चादरी घालत असताना नेव्हिल जवळ येऊन उभा राहिला.

"रविवारी एक बाई येणार आहे," तो म्हणाला.

"बरं."

"बाजारात आंबे विकते. वर घाटावरच्या मरीबाची आहे."

"तुला आंबे विकत घ्यायची गरज काय? आवारात झाड आहे."

"हं," नेव्हिल म्हणाला.

पिना झानेटी घाटावरून जुन्या ट्रकमधून उतरली. नवरा वारल्यावर आंब्याची बाग तिनेच सांभाळली होती. सहा फुटांना थोडीच कमी, हात पुरुषासारखे राकट, आवाज फाटका. खालच्या दारातून आत शिरताना तिचं कपाळ तुळईवर आपटलं. वर ग्लेनिसच्या टेबलावरची बशी वाजली. नंतर खाली हसण्याचा आवाज झाला. एक आवाज त्या बाईचा, आणि दुसरा, ग्लेनिसने कान टवकारले, नेव्हिलचा.

मग तो बोलू लागला. आखातातल्या वादळाबद्दल बोलला. जाळ्यात एकदा मगर आली होती त्याबद्दल बोलला. टीगन जन्मली तेव्हा आपण बोटीवर होतो, वायरलेसवर बातमी कळली आणि डेकवर जाऊन रडलो, असंही तो मोठ्या आवाजात सांगत होता. ग्लेनिस हातातला टॉवेल तसाच धरून उभी होती. त्या बातमीवर तिला त्या वेळी उलट निरोप आला होता तो एका शब्दाचा होता: छान.

पिना दर रविवारी येऊ लागली. ग्लेनिसला मत्सर वाटला का? टीगनने तसं विचारलंही. मत्सर असता तर बरं झालं असतं. त्याला निदान नाव असतं. तिला वाटत होतं ते असं, की आयुष्यभर कोरड्या विहिरीवर पोहरा सोडत राहावं, विहीर सोडून द्यावी, आणि शेजारणीने येऊन पहिल्याच खेपेला घागर भरून न्यावी.

एका मंगळवारी मशीन फिरत असताना तिने विचारूनच टाकलं.

"माझ्याशी नाही कधी असा बोललास."

नेव्हिल माशाचे गळ साफ करत होता. त्याने मान वर केली नाही.

"तिला ऐकू कमी येतं," तो म्हणाला. "ट्रॅक्टरने कान गेले. यंत्र लावलं की शिट्ट्या मारतं, म्हणून काढून ठेवते. तिच्यापुढे नुसतं हं म्हणून भागत नाही, ग्लेन. ती 'काय?' म्हणते. परत सांगावं लागतं. एकदा सांगायला लागलं की मग..." त्याने गळ फडक्यावर ठेवला. "तू कधी 'काय?' म्हणाली नाहीस."

"मला ऐकू येत होतं, नेव्हिल."

"तेच ना."

मशीन थांबलं. ओले कपडे काढून ती वर निघून गेली. राग आला होता, पण कुणावर काढावा ते ठरेना.

थंडीचे दिवस लागले तेव्हा पिना स्वतःच जिना चढून आली. नेव्हिलला तिने खालीच ठेवलं होतं. टेबलावर घरच्या कॉफीच्या बियांची पिशवी ठेवून ती सरळ मुद्द्यावर आली.

"बाग मुलाच्या नावे केली. दर महिन्याला डोळ्यात औषधाची सुई टोचून घ्यायला इथल्या हॉस्पिटलात यावं लागतं. त्यानंतर घाट चढून गाडी नेता येत नाही. मी खाली राहायला येऊ का? घर अर्धं तुझं आहे, म्हणून तुला विचारते. त्याला नंतर विचारीन."

"त्याला विचारलं नाहीस अजून?" ग्लेनिसने विचारलं.

"काय?"

"त्याला विचारलं नाहीस?" ग्लेनिस ओरडून म्हणाली.

"तो हो म्हणेल. पुरुषाला काय, कुणी विचारलं की बरं वाटतं. तू नाही म्हणालीस तरी मी कॉफी परत नेणार नाही."

ग्लेनिसला हसू आलं. तिने आठवडाभराची मुदत मागितली.

टीगन चिडली. "नाही म्हण, आई. सरळ नाही म्हण. उद्या ती तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसेल."

"तिचं डोकं खालच्या छताला लागतं, माहितीय? रोज टेंगूळ घेऊन कशी राहील?"

"म्हणजे तू तिची काळजी करतेस?"

त्या आठवड्यात एका दुपारी ग्लेनिसच्या एक गोष्ट लक्षात आली होती. चहाचं पाणी उकळून आवाज करायला लागलं, तेव्हा खालचं नीट ऐकू यावं म्हणून तिने गॅस बंद केला होता. भिंतीला कान असतात म्हणतात. इथे जमिनीला फुटले होते, आणि ते तिचे स्वतःचे होते. पिना आली काय, न आली काय, हे कान आता मिटणार नव्हते.

रविवारी तिने दोघांना व्हरांड्यात बसवलं.

"पिना, तू खाली राहू नकोस. माझा हिस्सा विकत घे आणि वर राहा. हा कुठे राहील ते तुमचं तुम्ही बघा. हॉस्पिटलसमोर एका खोलीचा फ्लॅट विकायला आहे, मी बघून आले."

"तुला कुणी जा म्हटलं नाही," नेव्हिल म्हणाला.

"म्हणूनच जाते. कुणी म्हटल्यावर गेले असते तर आवडलं नसतं."

"काय?" पिना म्हणाली.

नेव्हिलने तिला समजावून सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं. तो सांगत असताना ग्लेनिसला पहिल्यांदाच जाणवलं, की आपलं म्हणणं या माणसाला शब्द न् शब्द कळलेलं आहे. नुसतं आत्ताचंच नव्हे.

"आणि पाणी?" पिनाने विचारलं. "येतं ना इथे?"

"खाली येतं. वर नाही. आलं की हा गादी घेऊन वर येईल, तेव्हा त्याला कठडा वाजवायला लावू नकोस."

व्यवहार पुरा व्हायला पावसाळा तोंडावर आला. घरांचे भाव मधल्या काळात वाढले होते, त्यामुळे ग्लेनिसच्या हिश्श्याच्या पैशांत तो फ्लॅट कसाबसा बसला. पहिला मजला, लिफ्ट, बाल्कनीत दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. खाली गाड्या लावायची जागा होती. तिथे बोलणारं कुणी नव्हतं. पहिले काही दिवस तिला झोप लागली नाही, मग लागली. इमारतीच्या सभेत कचऱ्याच्या डब्यांवरून भांडण झालं, त्यात तिने भाग घेतला आणि चिटणीस म्हणून निवडूनही आली. सकाळी ती वाचनालयात जाते, संध्याकाळी खारफुटीच्या कडेने फिरते. हल्ली तिला समुद्राकडे बघवतं.

नेव्हिल तिच्या घरी येत नाही. महिन्यातून एकदा ट्रकमधून पिनाला हॉस्पिटलपाशी सोडतो आणि मासळीच्या दुकानाकडे निघून जातो. सुई टोचून झाली की पिना डोळ्याला पट्टी लावून, रस्ता ओलांडून ग्लेनिसकडे येते. ग्लेनिस तिला दाराशीच धरते, कोचावर नेऊन बसवते, पडदे ओढते. दोघी फार बोलत नाहीत. पिनाला ऐकू येत नाही आणि ग्लेनिसला ओरडायचा कंटाळा येतो.

"दुखतंय का?" ग्लेनिसने परवा तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"हं," पिना म्हणाली आणि पाय वर घेऊन आडवी झाली. ग्लेनिसने तिच्या अंगावर चादर टाकली, पंखा एका अंकाने कमी केला आणि सभेचं इतिवृत्त लिहायला बसली.