खरी गोळी

वहिनीने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून दिराचा अर्धा चेहरा दिसला. दीड वर्षात त्याचे केस बरेच पिकले होते.

"निकाल लागला, वहिनी," तो म्हणाला. "फोनवर सांगायचं नव्हतं."

तिने त्याला आत घेतलं, बसा म्हटलं नाही. ती मशीनवर जाऊन अर्धवट शर्टाची कॉलर जोडू लागली. तोच कापडाचे तुकडे बाजूला सारून खुर्चीवर टेकला.

दीर फुप्फुसांचा डॉक्टर, आणि निकाल त्याच्याच अभ्यासाचा. विषाणूने फुप्फुसं सुजली की रक्तात गुठळ्या होतात. त्या कोलेस्टेरॉलच्या साध्या गोळीने रोखता येतील का, ते पाहायचं होतं. अर्ध्या रुग्णांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, नुसत्या पिठाची. कुणाला कोणती, हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. त्याच विषाणूने आजारी पडलेल्या तिच्या नवऱ्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून सही केली होती. "धाकट्याची परीक्षा आहे, नापास कसा होऊ देऊ?" म्हणाला होता. आठवड्याच्या आत फुप्फुसात गुठळी अडकली आणि तो गेला.

नवऱ्याच्या पोटात पीठच गेलं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. सख्ख्या भावाला पीठ चारलं, असं ती येईल-जाईल त्याला सांगे. दिराला तिने पाण्यात पाहिलं, त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेली नाही. खरं तर त्या रागावरच ती दिवस ढकलत होती.

"दादाला खरी गोळी होती," दीर म्हणाला.

मशीन थांबलं.

"आणि बाकीच्यांचं?"

"दोन्हीकडे सारखंच. गोळीने काही फरकच पडला नाही. कुणाचीच चूक नव्हती, वहिनी."

त्याचे डोळे भरून आले होते, पण सुटल्याचं समाधानही चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तिला मात्र कुणीतरी हातातलं हिसकावून घेतल्यासारखं झालं. नवरा तर गेलाच होता. आता भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूशी का भांडायचं?

दीर उठला, दाराशी गेला.

"अधूनमधून येत जाऊ ना मी?"

तिने शर्ट उलटा करून पाहिला. कॉलर वाकडी बसली होती. ती टाके उसवू लागली.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा ना."

"ह्यांना पिठाची निघाली असती, तर आला असतात सांगायला?"

खाली वाकून तो बुटांच्या नाड्या बांधू लागला. एक बांधून झाली, दुसरी झाली, तरी मान वर येईना.

ती त्याच्याकडे बघत थांबली. त्याने हो म्हणू नये, एवढंच ती मनातून मागत होती.