पाहुणेकर

कृष्णकांत गुरुजी विहिरीकडच्या खोलीत उशीला धुतलेला अभ्रा चढवत होते, तेवढ्यात कमळी दारात येऊन उभी राहिली. हातात खराटा तसाच होता.

"गुरजी, फाटकापाशी एक बाय बसलीय. आत चल म्हनलं तर येत नाय. म्हनते, बारा वाजायचे हायेत अजून."

गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून गेले होते. फाटकावरची पाटी त्यांनीच रंगवली होती, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहावा तशा वळणदार अक्षरांत: खोली दुपारी बारानंतर मिळेल. पण ती वाचून कुणी उन्हात खोळंबून राहिल्याचं आजवर घडलं नव्हतं. मोबाइलवरून खोली घेतलेल्या माणसाचं नाव मेहुल होतं. दोन रात्री, एक माणूस. तारापूरच्या कारखान्यातला कुणी तरुण असेल, दिवाळीला गावी जाता आलं नसेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

अर्धा चढवलेला अभ्रा तसाच सोडून ते सुपारीच्या झाडांमधून फाटकाकडे गेले. बाहेरच्या दगडी कट्ट्यावर, मांडीवर पिशवी घेऊन, रस्त्याकडे तोंड करून त्यांची धाकटी बहीण बसली होती.

"आनंदी?"

"आमच्या शेजारच्यांचा मुलगा आहे मेहुल," ती मान न वळवता म्हणाली. "मला कुठे जमतं ते मोबाइलवर. त्याच्याकडून खोली घेतली. विहिरीकडचीच मिळाली ना?"

"आत चल."

"बारा वाजू देत. पाटीवर तूच लिहिलंयस."

गुरुजी थोडा वेळ उभे राहिले. मग तेही कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. कमळीनं पाण्याचे दोन तांबे आणून त्या मोकळ्या जागेत ठेवले आणि दोघांकडे आळीपाळीने बघत निघून गेली. शेजारची साखरबाई टोपलीत झेंडूची फुलं घेऊन चालली होती. ती थबकली.

"काय गुरुजी, स्वतःच्याच घराबाहेर? कुणी काढलं?"

"पाटीनं," आनंदी म्हणाली.

साखरबाई मनापासून हसली. आनंदी हसली नाही, म्हणून गुरुजीही हसले नाहीत.

चार वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला आनंदी अशीच सकाळी उंबरगावहून आली होती. त्या वर्षी गुरुजींनी नुकत्याच दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. पत्नी गेल्यावर घर खायला उठायचं. माणसांची जा-ये राहील, वाडीही सांभाळली जाईल, हा विचार. दिवाळीत दोन्ही खोल्या भरल्या. विहिरीकडची खोली, जिथे आनंदी लग्नापर्यंत झोपली आणि लग्नानंतर दर भाऊबीजेला झोपत आली, तीही. गुरुजी तिला सहज म्हणाले होते, आज ओट्यावर नीज. तिनं ओवाळलं, जेवली, ताट घासून पालथं घातलं आणि दुपारच्या रिक्षानं बोईसरला जाऊन गाडी धरली. पुढे फोन होत राहिले, आजारपणं, नातवंडांची बारशी, सगळं कळत राहिलं. भाऊबीजेला मात्र कधी गुडघे दुखत होते, कधी पाहुणे यायचे होते.

बाराचा भोंगा दूरच्या कारखान्यातून ऐकू आला तशी ती उठली. कमळीच्या हातून किल्ली घेतली आणि खोलीत गेली. दार लोटलं, पण कडी लावल्याचा आवाज आला नाही.

दुपारी जेवायला बसल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो कराचा.

"मोबाइलवर पैसे भरताना त्यात सरकारचा कर धरला होता. खाली लिहिलं होतं, गावचा कर घरमालकाकडे द्यावा. तो कुणाला द्यायचा?"

गुरुजींना समजावून सांगायला आवडायचं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. सरकारचा कर ती मोबाइलवाली कंपनीच कापून घेते आणि परस्पर भरते, त्यात आपल्याला हात लावायचा नसतो, हे त्यांनी सांगितलं. गावचा पाहुणेकर वेगळा. समुद्राकाठी माणसं वाढली, कचरा वाढला, पाणी कमी पडायला लागलं, म्हणून ग्रामपंचायतीनं याच वर्षी तो बसवला. माणशी, रात्रीगणिक. पाहुण्याकडून आपण घ्यायचा आणि पंचायतीला द्यायचा. घरच्या माणसाला तो लागू नाही.

"आणि घरचं माणूस कोण, ते कसं ठरवता?"

इथे गुरुजी जरा घुटमळले. कारण तो नियम त्यांचाच होता.

शाळेत सभा भरली होती तेव्हा हाच प्रश्न निघाला होता. मुलीच्या सासरची माणसं आली तर? पुतण्या जाताना मुलांच्या हातावर काही ठेवून गेला तर तो भाडं देणारा झाला का? साखरबाईनं तर सुरतेहून आलेल्या आठ जणांना मामेभाऊ म्हणून सांगितलं होतं आणि त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं. ग्रामसेवक नवा, त्याला उत्तर देता येईना. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. तेव्हा गुरुजी उठले आणि चौथीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं, की कागद राहू द्या, अंथरूण बघा. ज्याचं अंथरूण दुसरा घालतो तो पाहुणा. जो उठून स्वतःचं अंथरूण स्वतः घालतो तो घरचा. सभा हसली, साखरबाईनं पदर तोंडाला लावला, आणि नियम गावात रुळला.

आनंदीनं तो ऐकून घेतला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "खोलीत पांढरी चादर घातलेली दिसली. म्हणजे मी पाहुणी. उद्या पावती दे मला. यापुढे दर भाऊबीजेला अशीच येईन. आधी खोली घेऊन. म्हणजे तुलाही अडचण नको, मलाही."

गुरुजींच्या हातातला घास तसाच राहिला. ती पुन्हा येईल, दर वर्षी येईल, हे ऐकण्यासाठी त्यांनी चार दिवाळ्या वाट पाहिली होती. आणि ते असं ऐकायला मिळालं होतं. तिनं शांतपणे ताकाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली. दुसऱ्या खोलीतलं नाशिकचं कुटुंब समुद्रावर गेलं होतं. सुकत घातलेल्या सुपारीचा वास अंगणभर होता. तारापूरच्या बाजूला दिव्यांचा उजेड आभाळात चढला होता.

"हा उजेड नव्हता तेव्हा," आनंदी म्हणाली, "ते बंगाली साहेब आले होते. आठवतात?"

गुरुजींना न आठवून कसं चालेल? वीजघराचं बांधकाम सुरू होतं, बोईसरला राहायला जागा मिळायची नाही. कुणी ना कुणी अंधार पडल्यावर फाटकाशी येऊन उभं राहायचं. बाबा विहिरीकडची खोली उघडून द्यायचे आणि आई मुलांची अंथरुणं उचलून ओट्यावर टाकायची. दोघांना त्याचा कोण आनंद. त्या बंगाली साहेबांकडे बॅटरी होती. त्यांनी तिचा झोत माडाच्या झावळ्यांवर सोडला आणि बोटांचा ससा करून दाखवला. एवढा मोठा ससा माडावर चढलेला पाहून आनंदी आईच्या कुशीत शिरली होती. सकाळी साहेबांनी खिशात हात घातला तेव्हा बाबा रागावलेच होते, पाहुण्याकडून घेतात का कधी, म्हणून. उलट जाताना त्यांच्याच हातात दोन शहाळी दिली.

"मला वाटलं होतं," गुरुजी म्हणाले, "ओट्यावर नीज म्हटल्यावर तुला ते आठवेल."

"आठवलं ना. म्हणून तर गेले." तिनं अंगणातली एक सुपारी उचलून सुपात टाकली. "तेव्हा आपण जागा दिली होती, दादा. आणि आपण दोघं ओट्यावर होतो. त्या दिवशी मला ओट्यावर टाकून तू आत निजणार होतास."

गुरुजी उजेडाकडे बघत राहिले. वर्गात उत्तर येत नसलेल्या मुलाला ते जसं कधी उभं ठेवत नसत, तसं तिनंही त्यांना ठेवलं नाही. ती विषय बदलून नातीच्या शाळेबद्दल बोलायला लागली.

जेवणं झाली. गुरुजी आतून चटई आणि वाकळ घेऊन आले आणि ओट्याच्या कोपऱ्यात पसरायला लागले.

"इथे निजतोस?"

"वारा बरा असतो."

आनंदीनं त्यांच्या हातातून चटई घेतली. झटकली, पसरली, तिच्यावर वाकळ घातली, कोपरे ओढून सरळ केले, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. आई करायची तसंच, पायथ्याची बाजू दुमडून. मग आत गेली.

भाऊबीजेच्या सकाळी तेजल आली. ती पंचायतीत कामाला होती. सुट्टी असली तरी सीझनच्या दिवसांत पाहुणे निघून जायच्या आत तिला घरोघर फिरून पावत्या फाडाव्या लागत. आज ती घाईत होती, कारण तिलाही सालवडला भावाकडे जायचं होतं. चौथीला गुरुजींच्या हाताखाली शिकलेली मुलगी, अजूनही त्यांच्यासमोर बसताना ओढणी सारखी करायची.

नाशिकच्या चौघांची पावती झाली. आनंदी आतून तबक घेऊन आली होती. निरांजन लावायचं बाकी होतं.

"आता माझी फाड," ती म्हणाली. "नाव आनंदी. राहणार उंबरगाव."

तेजलनं गोंधळून गुरुजींकडे पाहिलं.

"थांब जरा," गुरुजी म्हणाले आणि विहिरीकडच्या खोलीत गेले.

पांढरी चादर खुर्चीवर घडी करून ठेवली होती. घडीची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. उशीचा अभ्रा त्यांनी सोडला होता तसाच अर्धवट चढलेला. आणि पलंगावर आईची गोधडी होती, निळ्या काठाची, मधे लाल पातळाचा तुकडा जोडलेली. ती माजघरातल्या लाकडी पेटीत, अगदी तळाला असायची. तिला ती कुणी काढून दिली नव्हती. कुठे आहे हे तिनं कुणाला विचारलंही नव्हतं.

गुरुजी बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला.

"हिची नको. माझी फाड."

"गुरुजी, तुमची?"

"सभेत मी काय सांगितलं होतं? म्हणून दाखव."

तेजल अंगात सवय असल्यासारखी उभी राहिली. "ज्याचं अंथरूण दुसरा घालतो तो पाहुणा. स्वतःचं स्वतः घालतो तो घरचा."

"हिनं स्वतःचं अंथरूण स्वतः घातलं. आत जाऊन बघ हवं तर. आणि माझं काल हिनं घातलं."

तेजलला हसावं की नाही कळेना. तिनं आनंदीकडे पाहिलं. आनंदी काडेपेटी हातात धरून उभी होती, काडी ओढायची विसरली होती. शेवटी तेजलनं खाली बसून पेन उघडलं.

"किती रात्री लिहू?"

"एक," गुरुजी म्हणाले.

अंगण झाडणारी कमळी वाकलेलीच होती. तिनं मान वर केली नाही. "एक कशी? चार दिवाळ्या झाल्या, गुरजी दिवाळीत हितंच ओट्यावर निजतात. खोली रिकामी असली तरी. मी कितीदा बोलली, आत निजा, थंडी पडते. आयकत नाय."

खराट्याचा आवाज तेवढा चालू राहिला. गुरुजी सुपाऱ्यांकडे बघत होते. तेजलचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं, आणि तिनं हळूच विचारलं, "मग त्याही धरू का?"

आनंदीनं काडी ओढली. निरांजन लागलं. तिनं दुसऱ्या हातानं वाऱ्याला आडोसा धरला.

"नको," ती म्हणाली. "त्या सगळ्या रात्री त्याचं अंथरूण त्यानंच घातलं होतं. एकच लिही."

मग तिनं पायानं पाट ओढून ओट्याच्या मधोमध घेतला.