बंद दाराआड

मी शिंपी. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते सांगून मोकळा होतो, आणि ही खोड घरीही सुटत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. एकेक शब्द जुळवायला तिला वेळ लागतो. घरात हुकूम तिचाच, म्हणून आम्ही तिला सरकार म्हणतो. पण सरकारचं अर्धं वाक्य नेहमी मीच पुरं करतो.

तिचा उजवा हात कोपरापासून आत वळलेला, मनगट खाली दुमडलेलं. दवाखान्यात सर्जनबाईंनी तो हळूच फिरवून पाहिला आणि तिलाच विचारलं, "या हाताने तू काय काय करतेस?"

"मी... सं..."

"काही नाही हो डॉक्टर," मी म्हणालो. "नुसता लटकतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं.

ऑपरेशन झालं. आखडलेला स्नायू सोडवला, मनगट खाली ओढणारा स्नायू वरच्या बाजूला जोडला. काही आठवड्यांनी प्लास्टर निघालं तर हात सरळ, तळवा समोर. तिच्या आईला रडू आलं. मी दुकानात येईल त्याला फोटो दाखवत सुटलो.

संडासात ती दार लावून एकटी जायची. ऑपरेशनआधी दोन वर्षं आम्हाला तिथे मज्जाव होता. प्लास्टर असताना तेवढी आई सोबत असायची. आता ती पुन्हा एकटी गेली, आणि बऱ्याच वेळाने हाक आली, "बा... बा."

दार लोटलं. उजवीकडच्या भिंतीला आधाराची दांडी आहे. तिच्यावर ती मनगट अडकवू बघत होती आणि ते वाकत नव्हतं. बोटांत पकड तर कधीच नव्हती. आधी दुमडलेल्या मनगटाचा आकडा दांडीत अडकवून ती उठायची, डाव्या हाताने कपडे सावरायची. आम्हाला पत्ताच नव्हता.

सर्जनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी तिचं उत्तर ऐकायला थांबायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यासारखं नाही करता येणार." कापड कापून झाल्यावर मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो.

मी दांडी खाली घेतली, डावीकडे दुसरी ठोकली. काही उपयोग झाला नाही; डावा हात दांडीला गुंतला की कपडे सावरायला हात उरत नाही. स्वतःचा इतका राग येतो की सुईत दोरा ओवता येत नाही.

हल्ली तिची शाळेची बाटली भरलेलीच परत येते. काल जेवताना मी पेला पुढे केला, तर तिने तोंड फिरवलं.

"पाणी का पीत नाहीस, सरकार?"

मी थांबलो. शब्द जुळेपर्यंत थांबलो.

"मग... तुला... हाक... मारावी लागते."