चारशे बारा नंबरची पेटी

सासूबाईंची गोधडी पेटीत घातली ती मीच, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढचं सांगताना कोणी मध्येच माझ्याकडे बोट दाखवायला नको.

माझा धंदा पेट्यांचा. चित्रं ठेवायच्या लाकडी पेट्या. चित्रकार चित्र काढतो, दलाल ते विकतो, आणि इकडून तिकडे जाताना त्याला ओरखडा येऊ नये म्हणून मापात पेटी करून देतो तो मी. नियम एकच. पेटी उलटी करून हलवली तरी आतलं चित्र केसभरही हलता कामा नये. त्यासाठी आत फोम भरतात. त्या दिवशी फोम संपला होता. दारात टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्नवर कोपर टेकून बसलेला, आणि माझ्या हातात खाकी कागदात बांधलेलं, ताटाएवढं चित्र. दुपारी पाठ टेकायला म्हणून मी घरून एक गोधडी आणून कारखान्यात ठेवली होती. चित्र तिच्यात गुंडाळलं आणि पेटीत बसवलं. अशी घट्ट बसली, की जणू मापं गोधडीचीच घेतली होती. झाकणाला सहा स्क्रू, वर लाखेचं सील, नंबर चारशे बारा. टेम्पो गेला, आणि मी दुपारी नुसत्या फळीवर झोपायला लागलो.

आता ती गोधडी साधी नव्हती. सासूबाईंनी घरातल्या एकेकाच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ती शिवली होती, आणि शिवताना दोऱ्याची कंजूषी केली नव्हती. त्या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल पहिल्यांदा निजलं ते तिच्यावर. माझी बायको, तिचे दोन भाऊ, मग आमची लेक. दोन बाळंतपणांच्या मध्ये गोधडी माळ्यावर असायची. मी ती तिथून न विचारता काढली होती. इतकी वर्षं कोणाच्या उपयोगाची नव्हती, माझ्या पाठीच्या उपयोगाची होती, असा माझा साधा हिशेब.

आठ महिन्यांनी लेकीचे दिवस भरत आले, तशी बायको माळ्यावर चढली. खाली उतरली ती रिकाम्या हातांनी.

“अहो, गोधडी कुठे आहे?”

मी म्हणालो, असेल की. चाळीस वर्षांच्या संसारात ‘असेल की’ हे उत्तर मी फक्त गुन्हा केल्यावर देतो, हे तिला पाठ आहे. पाच मिनिटांत तिने माझ्याकडून सगळं काढून घेतलं, टेम्पोच्या नंबरासकट.

“नातवंड घरात यायच्या आत गोधडी घरात आली पाहिजे,” ती म्हणाली. “नाही आली तर बाळाला तुमच्या अंगावर निजवीन, आणि ते चालायला लागेपर्यंत तुम्ही हलायचं नाही.”

माझी समजूत अशी, की एव्हाना ते चित्र कोणा श्रीमंताच्या भिंतीवर लागलं असेल आणि गोधडी त्याच्या कुत्र्याखाली असेल. चौकशी केली तर पेटी शहराबाहेरच्या गोदामात निघाली. बिनखिडक्यांची, गार, लांबच लांब खोली. छतापर्यंत मांडण्या, आणि मांडण्यांवर पेट्याच पेट्या, त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या. तिसऱ्या ओळीत, खालच्या फळीवर चारशे बारा.

गोदामाचे साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, की ही पेटी इथे आल्यापासून बोटभरही हललेली नाही, फक्त पाच वेळा विकली गेली आहे. विकली म्हणजे काय, तर साहेब येऊन पेटीचं वजन करतात, सील शाबूत आहे ना ते बघतात आणि जुन्या मालकाच्या चिठ्ठीवर नव्या मालकाची चिठ्ठी डकवतात. चिठ्ठ्यांचा थर पुठ्ठ्याएवढा झाला होता. पाच मालकांपैकी एकानेही चित्र पाहिलेलं नव्हतं. मी विचारलं, मग ते चांगलं आहे हे कळलं कसं? ते म्हणाले, किंमत बघा की. मी म्हटलं, एवढी किंमत आली कशी? ते म्हणाले, चांगलं आहे म्हणून. त्या दोन वाक्यांभोवती मी घाण्याच्या बैलासारख्या तीन फेऱ्या मारल्या.

बायकोने मुद्द्याला हात घातला. उघडा, गोधडी काढा, बंद करा, दहा मिनिटांचं काम. साहेबांनी कानांना हात लावले. त्यांचं म्हणणं असं, की चित्र उघडलं की दहातल्या एकाला आवडतं आणि नऊ जणांना आवडत नाही. बंद असलं की दहाही जणांना आवडतं. सील तुटलं की भाव तुटला. फार वाटत असेल तर बाईंनी पेटी विकत घ्यावी, मग उघडायला त्या मुखत्यार. बायकोने विचारलं, केवढ्याला? साहेबांनी आकडा सांगितला. तिने तो तळहातावर लिहून घेतला आणि विचारलं, या नंबरावर फोन कधी करायचा?

दुसऱ्या दिवशी ती मटाराच्या शेंगांची पिशवी घेऊन गेली आणि पेटीसमोर जाऊन बसली. बसायला तिथे एकच स्टूल होतं, वॉचमनचं. तो उठला तो उभाच राहिला. साहेबांनी विनंती केली, मग दम दिला. ती शेंगा सोलत राहिली. शेवटी त्यांनी चित्राच्या दलालाला बोलावलं. गळ्याला रेशमी मफलर, आवाज लोण्यासारखा. त्याने विचारलं तेव्हा तिने सगळं सरळ सांगितलं. पेटीत माझ्या आईच्या हातची गोधडी आहे, लेकीचे दिवस भरलेत, बाळाला निजवायला ती हवी. दलालाचे डोळे भरून आले. रुमालाने ते टिपत तो बाहेर गेला आणि फोनवर म्हणाला, “एक बाई आहे. रोज येते. चित्रासमोर नुसती बसून असते.”

संध्याकाळपर्यंत पेटी सहाव्यांदा विकली गेली.

तिला हे कळलं तशी ती दुसऱ्या दिवशी त्याला झाडायला गेली. चांगलं झाडलं. ते बघायला दोन गिऱ्हाइकं उभी होती. सातवी विक्री. मग तर रीघच लागली. चांगले कपडे घातलेली माणसं दूर उभी राहून आधी हिच्याकडे बघायची, मग पेटीकडे, मग एकमेकांकडे, आणि एकमेकांकडे बघितल्याबरोबर भाव वाढायचा. साहेबांनी हिच्यासाठी पंखा लावला. स्टुलावर उशी आली. एक दिवस ती लेकीला घेऊन डॉक्टरकडे गेली, म्हणून गोदामात दिसली नाही. ओढीने बाई अंथरुणाला खिळली अशी बातमी उठली आणि त्या दिवशी पेटी दोनदा विकली गेली.

असे वीस दिवस गेले. गोधडीच्या आणि आमच्यामधला आकडा वाढत वाढत इतका लांब झाला, की साहेबांना तो सांगताना मध्ये श्वास घ्यावा लागे. डॉक्टर म्हणाले, आता आज-उद्याच. त्या रात्री बायको जेवली नाही. रागावली असती तर मला चाललं असतं. ती नुसती म्हणाली, “आईने शेवटचा टाका घातला तेव्हा सुई माझ्या हातात दिली होती. पुढची ठिगळं तू लाव म्हणाली.”

तेव्हा मी धंद्यातली एक गोष्ट तोंडातून काढली. कारागीर माणूस चुकतो. झाकण लागल्यावर, सील झाल्यावर त्याला आठवतं, की आत पेन्सिल राहिली. म्हणून माझ्या प्रत्येक पेटीच्या तळाची एक फळी सरकती असते. कडेला कोपऱ्यात अंगठ्याने दाबली की खाचेतून बाहेर येते. सील वर, फळी खाली. दोघांची कधी गाठ पडत नाही.

बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. “हे तुम्ही वीस दिवसांपूर्वी का नाही सांगितलंत?”

मी म्हणालो, विचारलंस कुठे?

वॉचमनला फोडायला काही द्यावं लागलं नाही. गोधडी मिळाली तर बाई उठेल, एवढंच त्याला कळलं. वीस दिवस उभं राहून त्याच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. साहेब जेवायला गेल्यावर त्याने आतून दार लावलं. फक्त एक अट घातली. प्रत्येक विक्रीच्या वेळी पेटीचं वजन होतं, ग्रॅमचा फरक चालत नाही. जेवढं काढाल तेवढं भरा.

आम्ही पेटी आडवी केली, मी कोपरा दाबला, फळी सरकली आणि गोधडीचा गठ्ठा आपसूक बाहेर आला. बायकोने तो छातीशी धरला. मी म्हटलं, उलगडून बघू. ती म्हणाली, या धुळीत मुळीच नाही. गठ्ठा काट्यावर ठेवला तर साडेचार किलोच्या वर. मला नवल वाटलं नाही. सासूबाईंचं काहीच हलकं नसायचं, त्यांचा शब्दसुद्धा. आता तेवढ्या वजनाचं आणायचं काय? दाराला अडकण म्हणून ठेवलेली वीट घातली. माझा रंधा घातला. तरी कमी. वॉचमन दाराकडे बघत घाई करत होता. मी अंगातला लोकरी कोट काढला आणि वीट-रंधा त्यात गुंडाळून आत कोंबला. वाजायला नको, हलायला नको, नियम म्हणजे नियम. तरीही दहा-बारा ग्रॅम कमी भरले. बायकोने मटाराच्या दोन शेंगा टाकल्या. काटा बरोबर जागेवर आला.

घरी येऊन पलंगावर गोधडी उलगडली, तर मधून खाकी कागदाचं पुडकं घरंगळलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चित्र गोधडीच्या आत गुंडाळलेलं होतं हे मला आठवायला हवं होतं, पण मधल्या काळात मी दीडशे पेट्या केल्या होत्या. कागद सोडला. एक पालथी बादली, आणि तिच्याकडे संशयाने बघणारी एक कोंबडी. बायकोने चष्मा लावून निरखलं. “कोंबडी चांगली आहे,” ती म्हणाली. “बादली गळणार.”

पुढचं बोलायला वेळच मिळाला नाही, कारण जावयाचा फोन आला. तीन दिवसांनी नात घरी आली. गोधडीवर ठेवल्याबरोबर तिने रडणं थांबवलं, एक हात बाहेर काढला आणि सासूबाईंच्या जुन्या निळ्या पातळाच्या तुकड्यावर मूठ आवळली. बायको पदराने डोळे पुसत माझ्याशी महिनाभरात पहिल्यांदा गोड बोलली.

आता चोरी पचवायची सवय मला नाही. मी चित्र पिशवीत घातलं आणि साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही उघडली. सील शाबूत. वजन ग्रॅमला बरोबर. म्हणजे चित्र पेटीत आहे. म्हणजे माझ्या हातात आहे ते चित्र ते नव्हे.

“मग पेटीत काय आहे असं तुमचं म्हणणं?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, माझा कोट. तापात बरळणाऱ्या माणसाला देतात तसं पाणी त्यांनी मला दिलं.

तिथून दलालाकडे गेलो. त्याने भिंग लावून कोंबडी बघितली, बादली बघितली, उठून दार लावलं. त्याचा लोण्यासारखा आवाज पहिल्यांदाच साधा झाला.

“काका, हे खरं आहे, मला कळतं,” तो म्हणाला. “पण खऱ्याचं मी करू काय? हे दाखवलं की लोक म्हणतील, एका कोंबडीचे एवढे? पेटीला आजवर कोणी तसं विचारलेलं नाही. तुम्ही हे घरी न्या. बाळाला दिसेल असं लावा.”

तसंच लावलं. नात कोंबडीकडे बघून हसते. बादलीकडे बघत नाही, आजीवर गेली आहे.

पेटी मात्र तिथेच आहे. परवा एकविसाव्यांदा विकली गेली म्हणे, आणि आकडा सांगताना साहेब आता मध्ये पाणी पितात. इकडे थंडी पडली आहे. नवा कोट घेतला, पण त्याला जुन्याची ऊब नाही, आणि जुन्याच्या आतल्या खिशात माझा वाचायचा चष्मा राहिला आहे. मी कालच बायकोला म्हटलं, गोदामात जरा जाऊन बसू का? वॉचमनची ओळख आहे.

ती नातीला थोपटत होती. मान वर न करता म्हणाली, “बसू नका. भाव वाढेल.”