डिंक लावलेली लढाई

मी एक लढाई आहे. प्लायवूडवर रंगवलेली, जेवणाच्या टेबलाएवढी. लढाई बोलते हे ऐकून हसू येईल तुम्हाला, पण बोलण्याशिवाय माझ्याकडे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही.

मला इतिहासाच्या बाईंनी घडवलं. मध्ययुगातली एक मोठी लढाई वर्गाला पाठ होईना, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाठ नका करू, लढून बघा." मग मुलांनीच मला रंगवलं. अलीकडे राजाचं सैन्य, मध्ये दलदल, पलीकडे टेकडीवर शत्रूचे तिरंदाज. घोडेस्वार मातीचे, पायदळ जुन्या बटणांचं. दलदलीत शिरलेला घोडा फाशावर सहा पडेपर्यंत तिथेच रुतायचा. टेकडीवर शिध्याचे मणी होते. दर डावाला एक मणी कमी व्हायचा, आणि सगळे संपले की तिरंदाजांना खाली उतरावंच लागायचं.

खरा राजा ही लढाई हरला आणि त्याचं राज्य गेलं. त्यामुळे त्याची बाजू कुणालाच नको असे. ती नेहमी एकाच मुलीच्या गळ्यात पडायची. वर्गात ती बोलत नसे म्हणून सगळे तिला मौनीबाबा म्हणत.

"मौनीबाबाला द्या रे, ती कुठे नाही म्हणणारे?"

ती सगळ्यांसारखेच घोडे दलदलीत घालायची आणि हरायची. पण बाकीचे फाशाकडे बघत, ती माझ्याकडे बघायची.

एक दिवस तिने घोडे हलवलेच नाहीत.

"अगं, हल्ला कर की! झोपलीस का?" समोरून मॉनिटर ओरडला. "राजा टरकला रे!"

तिने नुसती बटणं इकडची तिकडे केली. मणी संपले. मॉनिटरचे तिरंदाज टेकडी उतरून, दलदलीला वळसा घालून सपाटीवर आले. तिथे ताजेतवाने घोडे त्यांची वाटच बघत होते. राजा जिंकला.

बाईंनी विचारलं, "मग खऱ्या राजानं असं का नाही केलं गं?"

तिने पटावरचा मातीचा राजा बोटाने सरळ केला. मग म्हणाली, "त्यालाही कुणीतरी भित्रा म्हणालं असेल."

कुणी हसलं नाही. माझ्या आयुष्यात तेवढा एक दिवस चांगला गेला.

शाळेच्या प्रदर्शनात हा डाव तिनेच मांडून दाखवायचा, असं बाईंनी ठरवलं. मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर उभी राहून सराव करी. आधी नुसते ओठ हलत, मग हळूहळू आवाज फुटला. तिने आईलाही बोलावलं.

आदल्या दिवशी मुख्याध्यापक मला बघायला आले.

"राजा जिंकतो? पाहुणे काय म्हणतील, शाळा खोटा इतिहास शिकवते?"

"सर, तो का हरला हे कळावं म्हणूनच..."

"बाई, हरला तेवढं दिसलं म्हणजे झालं."

शिपाईकाका डिंकाची बाटली घेऊन आले. "साहेब, कच्चं चिकटवू की पक्कं?"

"पक्कं."

घोडे दलदलीत, राजा आडवा. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मुख्याध्यापकांपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त राग आहे.

प्रदर्शनात मॉनिटरने सनावळ्या घडाघडा म्हटल्या. टाळ्या पडल्या. मुलीची आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

"यात तुझं काय गं?"

"दलदल रंगवली."

"छान झालीये हो," आई म्हणाली आणि तिने घड्याळ बघितलं.

आता मी जिन्याजवळच्या भिंतीवर काचेआड टांगलेली आहे. खाली पाटी आहे, 'शैक्षणिक खेळ. हात लावू नये.' परवा एका लहानग्याने त्याच मुलीला अडवलं. "ताई, हा घोडा बाहेर कसा काढायचा?" तिने तोंड उघडलं. मला वाटलं, सांगेल आता. "काढता येत नाही," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

तुमच्या शाळेत एखादी लढाई असेल, तर तिचे घोडे हलवत राहा. माझ्यासाठी एवढंच करा, काचेवरची धूळ पुसू नका. ती दाट झाली की आडवा पडलेला राजा दिसत नाही.