बंदरागणिक कायदा

माझा नवरा धर्मा मालवाहू जहाजावर खलाशी होता. आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात बायका नवऱ्याचं नाव बिनदिक्कत घेतात आणि वेळ आली की नावंही ठेवतात, तेव्हा मी त्याला धर्माच म्हणणार. वर्ष-दीड वर्षाने तो घरी यायचा तेव्हा एक टेपरेकॉर्डर, दोन-चार अत्तराच्या बाटल्या आणि पोतंभर ज्ञान घेऊन यायचा. टेपरेकॉर्डर महिनाभरात बिघडायचा, अत्तर नणंदा न्यायच्या. ज्ञान मात्र सुट्टी संपेपर्यंत पुरायचं.

वाड्यात कुणाचं काही अडलं की धर्माला विचारायचं, अशी पद्धतच पडली होती. पोराला नोकरी लागत नाही, धर्माला विचारा. गुडघा दुखतो, धर्माला विचारा. जो सगळे समुद्र फिरून आला त्याला गुडघ्यातलं कळणार नाही तर कुणाला कळणार, असा लोकांचा हिशेब. आणि 'मला माहीत नाही' हे शब्द धर्माच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून ऐकले नव्हते.

चौऱ्याऐंशी साली तो असाच सुट्टीवर असताना माझ्या मोठ्या जावेला, मंजुळाला, चौथ्यांदा दिवस गेले. कोळंबी सोलता सोलता तिने मला ते सांगितलं, आणि मान वर न करता म्हणाली, "मला नको हाय गो, कमळ."

का नको, हे मला विचारावं लागलं नाही. धाकट्या चंदूच्या वेळी तिला इतका रक्तस्राव झाला होता की आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती. पुन्हा बाळंतपण झेपायचं नाही असं तेव्हाच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. त्यात इतकी वर्षं दुसऱ्या कोळणींच्या कडेला टोपली घेऊन बसल्यावर त्याच वर्षी अंधेरीच्या बाजारात तिला स्वतःचा ओटा मिळाला होता. त्या ओट्यावर बसली की मंजुळा दोन बोटं उंच दिसायची. नवऱ्याशी, म्हणजे माझ्या दिरांशी, तिचं बोलणं झालं होतं. तुळशीदास भावजी मुळातच कमी बोलणारे. तू राहिलीस म्हणजे झालं, एवढंच म्हणाले आणि होडी घेऊन दहा दिवसांसाठी खोल पाण्यात निघून गेले.

अडलं ते सासूबाईंपाशी. सासूबाई, म्हणजे कृष्णाबाई, बाजारात भाव सांगायला उभ्या राहिल्या की समोरची गिऱ्हाइकं आपोआप गप्प व्हायची. त्यांचं म्हणणं होतं की आलेला जीव परत पाठवायचा नसतो, होडीवर आणखी दोन हात झाले तर कुणाला नकोत, आणि मुख्य म्हणजे असलं काही करणं गुन्हा आहे, पोलीस नेतील. गुन्हा आहे की नाही यावर घरात दोन दिवस वाद चालला. खात्रीने कुणालाच सांगता येईना. मग काय, धर्माला विचारायचं ठरलं.

संध्याकाळी पडवीत बायका जमल्या. आमची घरगुती गोष्ट होती, पण कोळीवाड्यात घरगुती म्हणजे चार घरांची. धर्मा लुंगी सावरून खुर्चीत बसला, घसा साफ केला आणि आयर्लंडपासून सुरुवात केली. तिथे कडक बंदी, म्हणाला. गेल्याच वर्षी लोकांची मतं घेऊन ती बंदी देशाच्या घटनेत घालून टाकली. त्याच्या जहाजावरचा एक इंजिनिअर तिथला होता, त्याच्या बहिणीवर वेळ आली तेव्हा ती बोटीत बसून समुद्र ओलांडून इंग्लंडला गेली, कारण इंग्लंडात चालतं. शेजारची सुंदराबाई त्या दिवशी सहज बसायला आली होती. तिने विचारलं की मध्ये पाणी किती, आणि पोटुशी बाई त्या लाटांत एकटी गेली का? एकटी गेली, असं धर्मा म्हणाला. सगळ्या बायका हळहळल्या. त्या मुलीचं नाव-गाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण पोटात मळमळत असताना बोट हलली की काय होतं ते आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

मग धर्मा रुमानियाला गेला. तिथल्या सरकारला माणसं वाढवायची आहेत, म्हणून चार मुलं झाल्याशिवाय बाईची सुटका नाही. रशियात मागाल तर होतं. जपानात होतं, पण नवऱ्याचा होकार लागतो. चीनमध्ये उलटंच, दुसरं राहिलं की सरकारच मागे लागतं. आखातात नावही काढायचं नाही. अमेरिकेत कोर्टाने परवानगी दिलेली, पण दवाखान्याबाहेर लोक पाट्या घेऊन उभे राहतात आणि आत जाणाऱ्या बायकांना ओरडतात.

त्याला एवढं बायकांचं कसं ठाऊक, असं मी मध्येच विचारलं. जहाजावर गप्पा मारायला वेळ असतो, असं तो म्हणाला. बरं, म्हटलं.

सुंदराबाई पार गोंधळून गेली होती. पोट सगळीकडे एकाच जागी असतं, नऊ महिने सगळीकडे नऊच, मग बंदर बदललं की कायदा कसा बदलतो, हे तिला कळेना. धर्मा म्हणाला की कायदे करणारे वेगळे असतात. त्यांत बायका किती, असं तिने विचारलं. यावर त्याने पाणी मागितलं.

मंजुळा इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. तिने शेवटी विचारलं, "आणि हिकडं, भावजी? मुंबईत?"

धर्मा थांबला. मी त्याची बायको आहे, ते थांबणं मला ओळखता येतं. अठराव्या वर्षी जहाजावर चढलेला माणूस, मुंबईतलं त्याला गोदी आणि घर सोडून काही ठाऊक नव्हतं. पण इतक्या बायका तोंडाकडे बघत असताना तो कसा सांगणार? म्हणाला, "हिकडं बंदी. सक्त. बाईला जेल, डॉक्टरलाही जेल."

सासूबाईंनी विजयाने मान हलवली आणि त्या भात चढवायला आत गेल्या. मंजुळा तिथेच बसून राहिली. आयर्लंडच्या मुलीला निदान बोट तरी होती, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि मला धर्माचा इतका राग आला की मी त्याला त्या रात्री सुकटीवर भागवायला लावलं.

दोन दिवसांनी मंजुळाने मला बाजूला घेतलं. दहिसरला नदीकाठी एक बाई आहे, ती झाडपाला देते, काम होतं, माझ्यासोबत चल. माहेरी चेंबूरला आमच्या गल्लीतली एक धडधाकट बाई असल्याच काड्या-मुळ्यांनी गेलेली मी पाहिली होती, तीन लेकरं मागे ठेवून. मी मंजुळाला नाही नाही ते बोलले. ती ऐकून घेत होती आणि पदर घट्ट खोचत होती. म्हणाली की कायदा नाही म्हणतो, आये नाही म्हणते, मग मी जाऊ कुठं? मी नाही आले तर एकटी जाईल हे दिसत होतं. म्हणून निघाले.

अंधेरीला बसमधून उतरून दहिसरची लोकल पकडायला आम्ही बाजाराच्या मागच्या रस्त्याने चाललो होतो. मंजुळा पुढे, मी मागे, मनात तिला परत कसं फिरवायचं याचा विचार. आणि समोरच्या भिंतीवर, मंजनाच्या आणि सर्कशीच्या जाहिरातींच्या मधोमध, निळ्या रंगात वीतभर अक्षरं होती: सरकारमान्य गर्भपात केंद्र. खाली प्रसूतिगृहाचा पत्ता आणि बाण. मी सातवी शिकलेली, तरी ते दोनदा वाचलं. मग मंजुळाचा दंड धरून तिला वाचून दाखवलं. सरकारमान्य म्हणजे सरकारला मान्य ना, असं तिने विचारलं. म्हटलं, धर्माला मान्य नसेल, सरकारला आहे.

रस्त्यात उभ्या उभ्या आम्ही दोघी इतक्या हसलो की एक हातगाडीवाला थांबून बघायला लागला. मंजुळाचे डोळे हसता हसता भरून आले आणि मग ती नुसतीच रडली.

दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं. सासूबाईंना सांगितलं. माझा होकार नाही, पण सोबत येणार, असं त्यांनी जाहीर केलं. सरकारने भिंतीवर लिहिलं म्हणून काय झालं, भिंतीवर काहीही लिहितात, आपण डोळ्यांनी बघणार. हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून त्या लढाईला निघाल्यासारख्या निघाल्या.

प्रसूतिगृहात खिडकीमागे एक चष्मेवाला कारकून बसला होता. त्याने मंजुळाचं नाव, वय लिहून घेतलं आणि नवऱ्याची सही लागेल म्हणाला. नवरा होडीवर आहे, चार दिवसांनी येईल, मंजुळाने सांगितलं. मग सासरे? सासरे वारले. मग घरातल्या कुठल्याही जबाबदार पुरुषाला घेऊन या, असं म्हणून त्याने पुढच्या बाईला हाक मारली. घरातला एकमेव पुरुष म्हणजे धर्मा, आणि तो जबाबदार आहे असं मलाही म्हणवेना.

तेवढ्यात बाकावरून सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता या म्हणणार, झालं ना, चला घरी. त्या खिडकीपाशी गेल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"ऐक रे बाबा. आमच्यात मासळी होडीत हाय तवर नवऱ्याची. किनाऱ्याला लागली की बाईची. भाव बाई ठरवते, पैसा बाई ठेवते, नवऱ्याला बिडीला पैसे बाई देते. अर्धा शेर बोंबील तो हिला विचारल्याबिगर विकत नाय. आणि हिच्या पोटाचं हिनं त्याला विचारायचं?"

कारकून म्हणाला, आजी, इथली पद्धत आहे. सासूबाई म्हणाल्या की पद्धती त्यांच्याही बाजारात असतात, त्या त्यांनी मोडलेल्या आहेत. बाकावरच्या साऱ्या बायका ऐकत होत्या, कुणी एक तर टाळी वाजवणार होती असं मला वाटलं. आवाज ऐकून आतून डॉक्टरीण आली. सुनंदा नाव होतं तिचं, उंच आणि दमलेली. काय झालं ते तिने ऐकून घेतलं आणि कारकुनाला शांतपणे म्हणाली की ही पद्धत असेल, कायदा नाही. बाई अठरा वर्षांपुढची असली की तिची स्वतःची संमती पुरते.

सासूबाई परत बाकावर येऊन बसल्या. आपण काय बोलून आलो ते बहुतेक त्यांना बसल्यावर ऐकू आलं. माझ्याकडे बघितलं नाही, अबोली चाचपत राहिल्या.

डॉक्टरीण आम्हाला आत घेऊन गेली. कायदा होऊन बारा-तेरा वर्षं झाली, म्हणाली. पण बाईने नुसतं नको म्हणून होत नाही. तिच्या जिवाला, तब्येतीला, मनाला धोका आहे असं डॉक्टरला पटावं लागतं. तीन महिन्यांच्या आत एक डॉक्टर पुरतो, पुढे दोन लागतात. चंदूच्या बाळंतपणाचं ऐकल्यावर तिला पटायला वेळ लागला नाही. मग तिने पेन बाजूला ठेवलं आणि मंजुळाकडे सरळ बघून विचारलं, "हे तुझं तू ठरवलंस ना? घरच्या कुणाचा जोर नाही ना?"

"माझं मी ठरवलं," मंजुळा म्हणाली.

घरी जाऊन पुन्हा विचार करायचा असेल तर कर, अजून वेळ आहे, असंही डॉक्टरीण म्हणाली. मंजुळाने मान हलवली आणि सही केली. तिला सही यायची तेवढी यायची, ळ मोठा झाला आणि ओळीबाहेर गेला.

दोन दिवसांनी सगळं नीट पार पडलं. संध्याकाळी आम्ही तिघी रिक्षाने घरी आलो. मंजुळा मधे, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, थकलेली पण निवांत. घरी सासूबाईंनी स्वतः तिला गादी घालून दिली, निवट्या माशांचं पातळ कालवण केलं आणि समोर बसून खायला लावलं. धर्मा दाराशी घुटमळत होता. मी त्याला सांगितलं होतं की तुझ्या यादीत मुंबई नावाचं एक बंदर राहून गेलं. तेव्हापासून तो दोन दिवस कुणाला काही सांगत नव्हता, गुडघ्याचंसुद्धा.

मंजुळाचं खाऊन झालं. सासूबाई रिकामी ताटली हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

"आठ झाली मला," त्या म्हणाल्या. "त्या डॉक्टरणीनं हिला इचारलं तसं मला कुणी एकदा पण इचारलं नाय. ना नवऱ्यानं, ना सासूनं, ना सुइणीनं."

मंजुळाने हळूच विचारलं, "इचारलं असतं तर, आये?"

सासूबाईंना विचार करावा लागला नाही. "पाचावर थांबले असते."

मी मनात बोटं मोजली, तशी दारात उभ्या माणसानेही मोजली असणार. माझा नवरा सहावा. जगातलं सगळं ठाऊक असलेला धर्मा पोरासारखं तोंड करून आईकडे बघत होता. मला हसूही येत होतं आणि त्याची कीवही.

सासूबाईंनी त्याला जवळ बोलावलं, खाली बसवलं आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

"तू आलास ते बरंच झालं रे," त्या म्हणाल्या. "पण मला इचारायला पायजे होतं."